दाढेत २६ वर्षांपूर्वीची चांदी आहे, काढून टाकायची का?

चौपाटीकर, सातारा

नमस्कार मंडळी, प्रश्न दाढेचा आहे पण गेले दोन दिवस दुखतंय ते डोकं. माझ्या खालच्या दोन दाढांमध्ये चांदी भरलेली आहे, १९९९ साली, मी अकरावीत होतो तेव्हा, राजवाड्याच्या अलीकडे एक म्हातारे डॉक्टर बसायचे त्यांनी भरलेली. आजपर्यंत एकदासुद्धा त्रास नाही. मागच्या आठवड्यात फुटाणे खाताना उजव्या दाढेचा बारका टवका उडाला, जिभेला धार लागायला लागली म्हणून एका नवीन क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आत आरसा घातला आणि म्हणाले अहो हे अजून ठेवलंय तुम्ही, ह्यात निम्मा पारा असतो, रोज विष गिळताय, दोन्ही काढू आणि पांढरं भरू, आठ हजार होतील.

आठ हजाराचं एक वेळ सोडा. बायको बरोबर होती, तिला पाचवा महिना चालू आहे आणि तिच्याही एका दाढेत चांदी आहे. तिला म्हणाले तुमचं तर आधी काढायला पाहिजे, बाळाला जाईल. झालं. तेव्हापासून ती धड जेवत नाही, चावलं की पारा निघतो म्हणे, भात कालवून गिळतेय नुसता.

मला एवढंच सांगा, आपण आयुष्यभर चांदी चांदी म्हणतो ते खरंच पारा असतं का? आणि पारा असेल तर तो घट्ट कसा झाला, शाळेच्या लॅबमध्ये तर हातातून पळायचा. म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बारक्या खलबत्त्यात काहीतरी घोटलेलं आणि फडक्यात धरून पिळलेलं एवढं आठवतंय. काढायचं का ठेवायचं, आणि बायकोचं काय करू?

गलाईवाला, मूळ विटा

भाऊ मी दातातला नाही पण पाऱ्यातला थोडा आहे. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी माणसं सोन्याचांदीच्या गलाईत, देशभर पसरलेली, मी पण वीस वर्षं तमिळनाडूत मूस आणि भट्टी हेच करतोय. तर ऐका, पारा सोनं-चांदी खातो असं आमच्यात म्हणतात. चांदीचा चुरा पाऱ्यात घोटला की पहिल्यांदा लोण्यासारखा गोळा होतो आणि ठेवून दिला की दगड. पूर्वी भांड्यांवर, मूर्तींवर सोन्याचा मुलामा चढवायचे तो असाच, सोनं पाऱ्यात कालवायचं, वर फासायचं आणि खालून तापवायचं, पारा उडून जातो सोनं राहतं. पण तो उडालेला पारा जातो कारागिराच्या छातीत. म्हणून सांगतो, तुमच्या दाढेतून जे काही निघेल ते घरी आणून चांदी निघते का बघू म्हणून गॅसवर धरू नका, असले शहाणे मी बघितलेत. निघणार काय त्यातून, एका दाढेत चांदी पाव ग्रॅमच्या आसपास, तेवढ्यात पैंजणाचा घुंगरू पण होत नाही.

अजून एक, घरात थर्मामीटर फुटला तर पारा गोळा करायच्या आधी बोटातली अंगठी काढा. पाऱ्याचा थेंब लागला की सोनं पांढरं पडतं आणि मग लोक आमच्याकडं येतात, सोनारानं फसवलं म्हणून.

काढायचं का ठेवायचं ते डॉक्टर लोक सांगतील.

सज्जनगड_ट्रेकर

काढून टाका सरळ. मी तीन काढले दोन वर्षांपूर्वी. तोंडाला सारखी धातूची चव यायची, थकवा असायचा, आता एकदम फ्रेश वाटतं. युरोपमध्ये बंदी आहे म्हणजे काहीतरी असेल ना, ते काय वेडे आहेत का. आपल्याकडं तिकडचं बंद झालेलं सगळं चालतं.

दातांची_डॉक्टर, सांगली

चौपाटीकर, पहिलं काम करा, फोन ठेवा आणि वहिनींना सांगा की नीट चावून जेवा. त्यांची चांदी शाबूत असेल, दुखत नसेल, हलत नसेल तर बाळंतपण होईपर्यंत आणि पुढे अंगावर पाजणं संपेपर्यंत तिला कोणीही हात लावायचा नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते बरोबर उलटं आहे. चांदी नुसती बसून असते तेव्हा तिच्यातून वाफ अगदी किंचित निघते, आणि सगळ्यात जास्त निघते ती कधी, तर भरताना आणि ड्रिलने फोडून काढताना. म्हणजे ज्या बाईला पाऱ्यापासून जपायचं तिलाच खुर्चीत बसवून पाऱ्याची वाफ द्यायची. गरोदर बाईला नवीन चांदी भरायची नाही हे खरं आहे, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणारं तिथलं सरकारी खातं) २०२० मध्ये तेच सांगितलं, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचा किंवा मेंदू-नसांचा आजार असलेले, पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले ह्यांनी शक्यतो टाळावं. पण त्याच सूचनेत हेही आहे की चांगल्या स्थितीतली चांदी कारण नसताना काढू नका. लोक पहिली ओळ वाचतात आणि दुसरीकडे यायच्या आत क्लिनिक गाठतात. (आमचे काही बंधूभगिनी पण, काय सांगायचं.)

आता चांदीत काय असतं ते. नाव चांदी असलं तरी वजनाने साधारण निम्मा पारा हे खरं आहे. उरलेली अर्धी म्हणजे पावडर, त्यात चांदी जास्त, मग कथील आणि तांबं, काहींमध्ये नखभर जस्त. गलाईवाल्या दादांनी बरोबर सांगितलं, फक्त पावडर सगळी विरघळत नाही. कणांची वरची साल पाऱ्यात जाते, तिथून चांदी आणि पाऱ्याचे नवीन स्फटिक तयार होऊन एकमेकांत अडकतात आणि मधे न विरघळलेले कण तसेच राहतात, स्लॅबच्या काँक्रीटमधली खडी कशी असते तसे. मोकळा पारा म्हणून जो पळत होता तो आता ह्या स्फटिकांत बांधला गेला. मिठात सोडियम असतो म्हणून मीठ पाण्यात टाकल्यावर पेटत नाही ना, तसंच काहीसं, अगदी तंतोतंत तसं नाही पण अंदाज येईल.

ह्यात एक जुनी गोम होती. कथील पण पाऱ्याशी जुळतं आणि ते स्फटिक कमजोर असतात, आम्ही त्याला गामा टू म्हणतो, गंजतं तेच आणि कडा तुटतात त्याच्यामुळेच. १८९० च्या दशकात अमेरिकेत जी. व्ही. ब्लॅक नावाच्या डॉक्टरांनी चांदी-कथिलाचं प्रमाण बसवून दिलं ते पुढं सत्तरएक वर्षं चाललं, आणि १९६३ मध्ये इन्स आणि युडेलिस ह्या दोघांनी तांबं वाढवून बघितलं. तांबं कथिलाला आधीच पकडून ठेवतं, पाऱ्याच्या हाती लागू देत नाही. त्यामुळे नंतरची जास्त तांब्याची चांदी आधीच्यापेक्षा खूपच टिकाऊ निघाली. तुमची १९९९ ची आहे, बहुतेक तीच असावी.

फडक्यात पिळायचं कारण, जास्तीचा पारा बाहेर काढायचा. पूर्वी पावडर आणि पारा अंदाजाने घ्यायचे आणि खलबत्त्यात घोटायचे, काही जुने डॉक्टर तळहातावरच मळायचे, तंबाखू मळतात तसं, आणि त्या पाऱ्याचा खरा धोका पेशंटपेक्षा त्यांना स्वतःला आणि नर्सला होता. नंतर मोजून भरलेल्या कॅप्सूल आल्या, आत पावडर आणि पारा वेगळे ठेवणारा पडदा, मशीनमध्ये घातली की काही सेकंदात गरगर हलवून तयार. माझ्याकडे ते मशीन अजून आहे, वर पेनस्टँड ठेवलाय.

सज्जनगड_ट्रेकर

मॅडम पण मला खरंच फरक पडला त्याचं काय?

दातांची_डॉक्टर, सांगली

तुम्हाला खोटं पाडत नाही. धातूची चव हे होऊ शकतं, विशेषतः शेजारी दुसऱ्या धातूची कॅप असेल तर लाळेतून बारीक करंट जातो, चॉकलेटची चमकी चुकून दाढेखाली आली की झिणझिण करतं ना तेच. पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले पेशंट पण असतात, थोडे असतात पण असतात, चांदीला टेकलेल्या गालाला आतून पांढरट चट्टा येतो, त्यांची काढावीच लागते. थकव्याचं मात्र मला सांगता येणार नाही, तुम्ही त्याच वेळी गड चढायला पण सुरुवात केली का ते बघा.

वाफेचं म्हणाल तर ती निघते, नाही असं कोणीच म्हणत नाही. चावताना जास्त, रात्री दात खाणाऱ्यांची अजून जास्त. दिवसाला काही मायक्रोग्रॅम, एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. उलट टवका तुटून गिळला गेला तर त्याची काळजी वाफेपेक्षा कमी, कारण धातूच्या रूपातला पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, आला तसा जातो. श्वासातून गेलेली वाफ मात्र बरीचशी रक्तात उतरते. म्हणून मी काढताना रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) लावते, मोठा सक्शन, भरपूर पाणी, आणि भुगा न करता तुकडे पाडून काढते. ज्या क्लिनिकमध्ये पाऱ्याचं विष म्हणून काढायला सांगतात आणि काढताना ह्यातलं काहीच करत नाहीत तिथून उठून यावं असं माझं मत.

मुलांवर मोठ्या चाचण्या झाल्या, एक अमेरिकेत एक पोर्तुगालमध्ये, पाचशे-पाचशेच्या वर मुलं, अर्ध्यांना चांदी अर्ध्यांना पांढरं, काही वर्षं मागे लागून बुद्धी, स्मरण, नसा, किडनी सगळं तपासलं, २००६ मध्ये दोन्हीचे निकाल आले. चांदीवाल्यांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला पण बुद्धीत, नसांत फरक दिसला नाही. पोर्तुगालच्या चाचणीत पांढरं भरलेल्या पोरांना मात्र पुढे दुरुस्तीची जास्त वेळ आली.

कृष्णाकाठ

मग युरोपने बंद का केलं, ह्या प्रश्नाला बगल दिलीत डॉक्टर 😀

दातांची_डॉक्टर, सांगली

बगल नाही ओ, मधे पेशंट आला, आठ वर्षांचं पोरगं, चावलं मला.

बंदीचं मुख्य कारण दाढेच्या बाहेरचं आहे. चांदी भरताना-काढताना जो चुरा पडतो तो गुळण्या करून बेसिनमध्ये, तिथून गटारात, तिथून नदीत. पाण्यात गाळातले जंतू त्या पाऱ्याचं दुसऱ्या प्रकारच्या पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशात साठतो आणि मासे खाणाऱ्याच्या मेंदूला जातो. जपानमध्ये मिनामाताला झालं ते ह्याच प्रकारच्या पाऱ्याने, तिथं कारखान्यानं तो थेट समुद्रात सोडलेला, दातांचा काही संबंध नव्हता, पण त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये जो करार झाला त्यात थर्मामीटर, बल्ब ह्यांच्याबरोबर दातातली चांदी पण आली. करार २०१७ पासून लागू, भारत २०१८ ला त्यात गेला. आधी नुसतं हळूहळू कमी करा असं होतं, २०२२ ला बालीच्या बैठकीत दुधाचे दात, १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि पाजणाऱ्या बायका ह्यांना भरायची नाही असं ठरलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला ठरलं की २०३४ पर्यंत सगळीकडे बंद. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासूनच थांबवली, नॉर्वे-स्वीडन तर त्याच्या कितीतरी आधी. आणि नीट बघा, ही बंदी नवीन भरण्यावर आहे. ज्यांच्या तोंडात आहे त्यांनी रांगेत उभं राहून काढून घ्या असं कुठेच म्हटलेलं नाही.

अजून एक ऐकायला विचित्र वाटेल, माणूस गेल्यावर चितेत त्याच्या दाढेतला पारा उडतो. ब्रिटनमध्ये स्मशानाच्या धुराड्यांना त्यासाठी फिल्टर बसवतात.

गलाईवाला, मूळ विटा

हे खरं आहे. पारा ३५७ डिग्रीला उकळतो, चितेत त्याच्या दुप्पट सहज असतं.

कृष्णाकाठ

म्हणजे माहुलीच्या घाटावर उभं राहताना वाऱ्याची दिशा बघायची तर. असो. दुसरं एक विचारतो, आमच्याकडं देवघरात पारद शिवलिंग आहे, आजोबांनी आणलेलं, ते पण हेच का?

गलाईवाला, मूळ विटा

नुसता पारा शून्याखाली ३९ डिग्रीला गोठतो, त्यामुळं साताऱ्याच्या उन्हाळ्यात देवघरात बसला असेल तर त्यात दुसरा धातू असणारच. कुठला आणि किती ते बनवणाऱ्याला माहीत. पूजा करा, पण त्याच्यावरचं तीर्थ पिऊ नका एवढंच मी म्हणेन, आजोबांची माफी मागून.

दातांची_डॉक्टर, सांगली

+१. आणि निरांजन जवळ ठेवू नका.

मिरजेची_काकू

सगळं वाचलं, छान माहिती. आमच्या लहानपणी, ७२-७३ साल असेल, मिरजेत आमचे एक दातांचे डॉक्टर होते ते रडणाऱ्या पोराला गप्प करायला पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटलीत पाऱ्याचा थेंब घालून द्यायचे. माझा भाऊ आणि मी तो फरशीवर सोडून बोटाने फोडायचो, शंभर गोळ्या व्हायच्या आणि परत ढकलल्या की एक. काय मजा यायची! आई ओरडायची ते फक्त फरशी खराब होते म्हणून. आता हे सगळं वाचून अंगावर काटा आला. माझं वय ६०, भाऊ ६४, दोघं ठणठणीत आहोत, भाऊ थोडा विसरतो पण तो आधीपासूनच तसा.

डॉक्टर मॅडम, माझ्या दोन्ही बाजूला चांदी आहे आणि हिरडीवर शेजारी एक निळा-काळा ठिपका आहे, मुलगी म्हणते कॅन्सरची तपासणी कर.

दातांची_डॉक्टर, सांगली

काकू, बहुतेक चांदी भरताना बारीक कण हिरडीत गेला असेल, गोंदल्यासारखा तो तिथंच बसतो, आम्ही त्याला टॅटूच म्हणतो. पण बहुतेक हा शब्द मी न बघता वापरलाय, त्यामुळे कोणाला तरी एकदा दाखवा, एक बारका एक्सरे काढला की कधी कधी कण दिसतो. वाढत असेल किंवा रंग बदलत असेल तर मात्र लगेच जा.

चौपाटीकर, सातारा

मंडळी खूप आभार. बायकोला डॉक्टर मॅडमचं सगळं वाचून दाखवलं, आज दुपारी भाकरी, खर्डा आणि वर शेंगदाण्याची चटणी खाल्ली तिने, चावून.

मॅडम माझ्या तुटलेल्या दाढेचं सांगा, तिथं परत चांदीच भरू का पांढरं? मला चांदीवर विश्वास बसलाय खरं तर, २६ वर्षं कोण टिकतं आजकाल.

दातांची_डॉक्टर, सांगली

आधी एक्सरे काढा. टवका चांदीचा उडालाय का दाताचा हे महत्त्वाचं. चांदी दाताला चिकटत नाही, ती अडकवून बसवलेली असते, म्हणून खड्डा आत रुंद आणि वर अरुंद कोरायचो, सुताराने खाच मारावी तसा. त्यासाठी चांगला दात पण थोडा कापावा लागायचा आणि उरलेल्या भिंती बारीक राहायच्या. मग वीस-पंचवीस वर्षांनी फुटाण्यावर भिंत जाते. तुमचं तेच झालेलं असणार असा माझा अंदाज. तसं असेल तर भरून भागेल का कॅप लागेल ते किती भिंत उरली त्यावर.

पांढरं म्हणजे कंपोझिट, ते दाताला चिकटतं, कमी कोरावं लागतं, दिसायला चांगलं. पण ते लाड करून घेतं. दात कोरडा ठणठणीत पाहिजे, दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन निळ्या लाइटने कडक करायचं, कडक होताना ते आकसतं आणि कडेला फट पडली की खाली कीड. चांदीचं उलटं होतं, तिच्या कडेला जो गंज धरतो तोच फट बुजवत जातो. मागच्या दाढेत, हिरडीच्या खाली, लाळ गळतेय, पेशंट तोंड उघडत नाही, अशा ठिकाणी चांदीइतकं माफ करणारं मटेरियल मी बघितलं नाही. तरी ती पण अगदीच सोशिक नव्हती, जस्तवाल्या चांदीत भरताना लाळ गेली तर आत हायड्रोजन तयार होऊन तीन-चार दिवसांनी ती फुगायची आणि दाढ ठणकायची. आणि भरली की त्या दिवशी तिकडून चावायचं नाही असं सांगायचो, पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात.

मी स्वतः आता भरत नाही. कॅप्सूल मागवाव्या लागतात, कचरा वेगळा ठेवावा लागतो, पेशंटला काळं नको असतं. पण शिकताना पहिल्यांदा चांदी कोरून दाढेचे उंचवटे काढले होते, सरांनी बोट फिरवून बघितलं आणि काही न बोलता पुढं गेले, तो दिवस लक्षात आहे. हल्लीच्या पोरांना ते हाताला कळणार नाही बहुतेक.

तर तुमच्या उजव्या दाढेला कंपोझिट किंवा कॅप, डावी आहे तशी राहू दे.

चौपाटीकर, सातारा

अपडेट देतो. दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो, एक्सरे काढला. मॅडम तुम्ही न बघता सांगितलं तेच, चांदी जशीच्या तशी आणि दाताची आतली भिंत गेली, खाली थोडी कीड पण होती. रबर लावून काढली, कॅप सांगितलीय. डाव्या दाढेकडं बघून म्हणाले कोणी भरली ओ ही, काम झकास आहे. म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं तर म्हणाले ते जाऊन दहा वर्षं झाली.

निघालेला तुकडा मागितला, दिला नाही. म्हणाले तो आमच्या डब्यात जातो.

मिरजेची_काकू

चांगलं झालं हो. मॅडम एक राहिलं विचारायचं. ती पेनिसिलीनची बाटली अजून आहे माझ्याकडं. शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात. आत पारा पण आहे थोडा. नातवाला दाखवणार होते दिवाळीत. बेसिनमध्ये ओतून धुऊन टाकू का?

दातांची_डॉक्टर, सांगली

काकू नको!! बेसिनमध्ये नको, कचऱ्यात नको, झाकण पण उघडू नका. बुचावरून चिकटपट्टी गुंडाळा, बाटली उभीच्या उभी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, भोवती कापूस. सांडलाच तर झाडू मारायचा नाही, त्याने बारीक होऊन पसरतो, खिडक्या उघडायच्या आणि जाड कागदाने ढकलत गोळा करून डब्यात. मी शनिवारी मिरजेला असते, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवा, येऊन घेऊन जाते. माझ्याकडे चांदीच्या कचऱ्याचा डबा अजून अर्धा रिकामा आहे.

मिरजेची_काकू

या. भडंग करून ठेवते. नातवाला मात्र तुम्ही लांबून दाखवा एकदा, गोळ्यांची मजा मी त्याला सांगून बसलेय.